खांबाखालच्या चपला

मी एकदा अख्ख्या रस्त्याची वीज खिशात घालून भजनाला गेलो.

यात अलंकार काही नाही. माझ्या खाकी विजारीच्या उजव्या खिशात चिनी मातीचा एक फ्यूज होता, साबणाच्या वडीएवढा. तो खिशात असेतोवर कुंभकोणममध्ये तळ्याजवळच्या एका लांबलचक रस्त्यावर दिवा लागणार नव्हता. आणि मी शेजारच्या मरुदानल्लूर गावच्या मठात मांडी घालून, डोळे मिटून, अभंगाचं ध्रुपद पुन्हा पुन्हा घोळवत होतो. लोक माना डोलवत होते, म्हणून आणखी एकदा घोळवलं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मद्रासला विजेचा डिप्लोमा करून मी गावी परतलो होतो आणि गावाला वीज पुरवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर म्हणून चिकटलो होतो. आमच्या घराण्यात तंजावरच्या दरबारापासून सगळ्यांनी बसूनच कामं केली. पूर्वजांपैकी कोण नेमकं काय करत होता हे अप्पांनाही सांगता येत नसे, पण बसून करत होता एवढं नक्की. उंचावर चढून पोट भरणारा मी पहिला. अम्माला ते पटलेलं नव्हतं. ती म्हणायची, "चढायला माणसं दिलीत ना तुला? मग तू खाली उभा राहा आणि वर बघ." तिचं ऐकलं असतं तर हे लिहायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

माणसं दिली होती ती तीन. त्यात मुख्य म्हणजे मेस्त्री. वय अप्पांएवढं, अंगाने जाडजूड, मिशांना तेल, आणि स्वतःच्या आवाजावर फार प्रेम. नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. गावातल्या कुठल्याही घरात दिवा लागला की तो आपणच लावला अशा थाटात ते त्याच्याकडे बघत. कामावर ते मला 'सार' म्हणत, आणि मी काही मूर्खपणा केला की 'रायरे' म्हणत. आम्हा मराठी लोकांना तिकडे रायर म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत 'सार' माझ्या कानावर फार क्वचित आलं.

दुसरा एक लाइनमन. उंच, किडकिडीत, कामाला चोख, पण भजीचा वास आला की त्याचे पाय आपोआप वळत. तिसरा लाइनमन त्या दिवशी तापाने घरी पडला होता, म्हणून त्याचं या गोष्टीत काही काम नाही. ही सगळी मंडळी अर्थातच तमिळमध्ये बोलत. मी इथे मराठीत लिहितोय, म्हणजे मेस्त्रींचा निम्मा झणका आधीच गेला असं समजा.

आता त्यांची रीत सांगायला हवी. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक लोखंडी पेटी असे आणि तिच्यात तीन फ्यूज. ते उपसले की रस्ता मेला. मग खांबावर चढून तारांना हात लावायचा. कंपनीचा नियम असा होता की काम चालू असताना फ्यूज सुपरवायझरकडे ठेवावेत. मेस्त्रींच्या गँगची रीत वेगळी होती. जो चढणार त्याने एक फ्यूज स्वतःच्या खिशात घालायचा. काम संपलं की खाली यायचं, पेटीपाशी जायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं 'उतरलो' म्हणायचं, आणि आपला फ्यूज आपल्या हाताने बसवायचा. सगळे 'उतरलो' म्हणेपर्यंत कोणीच बसवायचा नाही. आणि दुसऱ्याच्या फ्यूजच्या जागेला हात लावायचा नाही, मग आभाळ कोसळो.

मी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मेस्त्रींना नियम वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "आमच्या आधीच्या मेस्त्रींचा भाऊ खांबावर होता. खाली साहेबाच्या खिशात तिन्ही फ्यूज होते. साहेबाला वाटलं, सगळे उतरले." मी तो कागद पुन्हा काढला नाही.

दुसरी रीत कॉफीची. सकाळी काम सुरू करण्याआधी गँग कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसे. काल काही बिघडलं असेल तर त्यात आपला वाटा काय होता ते ज्याने त्याने सांगायचं. फक्त आपला. दुसऱ्याचा वाटा बोलायचा नाही. कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला की मेस्त्री त्याच्यापुढचा पितळी पेला उचलून आपल्यापुढे ओढून घेत, आणि तो माणूस पुन्हा स्वतःबद्दल बोलायला लागेपर्यंत त्याची कॉफी मेस्त्रींपुढेच निवत राही. कुंभकोणमच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

तर त्या दिवशी तळ्याजवळच्या रस्त्यावरची तार लोंबायला लागली होती, ती ताणायची होती. तिसरा माणूस नाही म्हटल्यावर मी म्हणालो, "शेवटच्या खांबावर मी चढतो."

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "सार चढणार?"

"का? डिप्लोमात शिकवलंय."

"खांब केवढा होता तिथला?"

खरं सांगायचं तर तिथला खांब वर्गाच्या छतापर्यंत होता. पण मेस्त्रींच्या मिशांमागे जे हसू आलं त्यावर मी इतका चिडलो की सरळ एक फ्यूज उचलून खिशात घातला; उरलेला एकेक मेस्त्री आणि लाइनमनने घेतला. मेस्त्रींनीही मग अडवलं नाही. साहेब स्वतः चढतोय म्हटल्यावर त्यांनाही कुठेतरी बरं वाटलं असावं. लाइनमनने शिडी धरायची असं ठरलं. तो आधी स्वतःच्या खांबावरून काम उरकून माझ्याकडे आला. मी पेटीला सायकल टेकवून चालत शेवटच्या खांबाशी गेलो, चपला काढल्या, चामडी पट्टा कमरेला बांधला आणि चढलो.

काम झालं. झालं कसं ते विचारू नका, पण तार ताणली गेली. वरून गाव फार सुंदर दिसत होतं, गोपुरं, नारळ, तळ्याच्या पायऱ्या. मी थोडा वेळ तसाच बसलो. खाली बघितलं तर शिडी होती, लाइनमन नव्हता. वाऱ्यावर भजीचा वास होता.

एवढ्यात खालून मामांची हाक आली. मामा म्हणजे अम्माचे धाकटे भाऊ, भजनाचे पक्के वेडे. ते मरुदानल्लूरला निघालेल्या मंडळींसह जटक्यात कोंबलेले होते. जटका म्हणजे तिकडची एका घोड्याची गाडी. आत जागा दोघांची, बसलेले पाच.

"अरे, तू वर काय करतोस? आज मठात तुझा अभंग आहे. उतर, उतर, घोडा थांबत नाही."

तिकडच्या भजनात मराठी अभंग गातात, पण गाणारे बहुतेक तमिळ. त्यामुळे मराठी घरातला एखादा मुलगा गाणारा असला की त्याला भलताच मान. आपण म्हणू तो उच्चार शुद्ध. पुढे पुण्याचे एक गृहस्थ माझं मराठी ऐकून म्हणाले होते की असं बोलणारा माणूस त्यांच्या पणजोबांनी शेवटचा पाहिला असेल. पण मरुदानल्लूरला पुण्याचं कोणी येत नसे, आणि मी तिथला राजा होतो. राजाला उशीर होऊन कसं चालेल? मी पट्टा सोडला, तो खांबालाच लटकत राहिला. शिडीवरून घसरत उतरलो आणि धावत जाऊन जटक्याच्या मागच्या फळीवर बसलो. वाटेतलं साक्कोट्टै गाव मागे पडल्यावर लक्षात आलं की पायांत चपला नाहीत. मठात नाहीतरी काढायच्याच होत्या, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. बाकी काही लक्षात आलं नाही.

इकडे काय झालं ते मला नंतर लाइनमनने सांगितलं.

भजी खाऊन तो परत आला तेव्हा खांबाशी मी नव्हतो. त्याला वाटलं, मी पेटीपाशी गेलो. पेटीपाशी मेस्त्री बसले होते, त्यांना वाटलं, मी अजून खांबावर आहे. दोघं एकमेकांची वाट बघत राहिले. मग लाइनमन पेटीपाशी गेला, 'उतरलो' म्हणाला. मेस्त्री म्हणाले, "सार कुठे?" आणि दोघं पुन्हा शेवटच्या खांबाशी आले. वर पट्टा लटकत होता. शिडी लावलेली होती. खाली माझ्या चपला नीट एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या. माझी सायकल पेटीला टेकलेली होती. माणूस तेवढा नव्हता.

खांबाच्या मागे एक पडकी भिंत होती आणि भिंतीपलीकडे पाणवेलींनी भरलेलं डबकं. मेस्त्रींनी त्या डबक्याकडे बघितलं. लाइनमन म्हणतो, त्यानंतर मेस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मेस्त्रींना गप्प बसलेलं त्याने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दिवेलागणी झाली. रस्ता काळाकुट्ट. त्या रस्त्यावरच्या एका वकिलांकडे त्या संध्याकाळी मुलीचा साखरपुडा होता. ते तडक कंपनीत गेले आणि आमच्या इंजिनियर साहेबांना मोटारीत घालूनच घेऊन आले. साहेबांनी ऑफिसातला जादाचा फ्यूज बरोबर आणला होता. एक बसवला असता तर काम भागलं असतं. बाकीचे मेस्त्री आणि लाइनमनच्या खिशात होतेच.

"मेस्त्री, हा बसवा."

"बसवत नाही सार."

"का? हा खराब आहे?"

"फ्यूज चांगला आहे. माणूस वर आहे."

साहेबांनी विजेरीचा झोत खांबावर मारला. "वर कोण आहे? पट्टा आहे नुसता."

"पट्टा आहे, शिडी आहे, चपला आहेत, सायकल आहे. माणूस सापडलेला नाही. तो येऊन उतरलो म्हणेल, मग बसवतो."

वकील मध्ये पडले. "आणि नाही म्हणाला तर? व्याह्यांना मुलगी अंधारात दाखवू का मी?"

"पेट्रोमॅक्स मागवा सार," मेस्त्री म्हणाले. "त्या उजेडात मुलगी आणखी गोरी दिसते."

गर्दी हसली. साहेबांना ते झोंबलं. ते म्हणाले, हा माझा हुकूम आहे. मेस्त्रींनी कमरेची पेटीची किल्ली सोडली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. "घ्या सार. पेटी उघडा. पण मग फ्यूज तुमच्या हाताने बसवा."

साहेबांनी किल्लीकडे पाहिलं. घेतली नाही. पण एवढ्या लोकांसमोर ती न घेता यावी हेही त्यांना सहन झालं नाही. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्या सकाळी माझ्यासमोर उभे राहा. ही गँग तुमच्या हाताखाली राहील असं धरून चालू नका."

मेस्त्रींची सगळी ऐट त्या गँगवर होती. ती गेली तर त्या वयात त्यांना स्टोअरमध्ये तारांची भेंडोळी मोजत बसवलं असतं, आणि हे त्यांना माहीत होतं. साहेबांची मोटार गेल्यावर त्यांनी लाइनमनला आमच्या घरी पाठवलं. "घाबरवू नकोस. सहज विचार, रायर आलेत का म्हणून." आणि स्वतः हातात लांब बांबू घेऊन त्या डबक्यात उतरले.

मठात त्या वेळी मी घामाने निथळत होतो. ध्रुपद संपलं, रुमाल काढायला खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर फ्यूज बाहेर आला. तो समईसमोर फरशीवर ठण्णकन पडला आणि गोल फिरून थांबला. झांजा वाजत राहिल्या. भजनाचे म्होरके भागवतर यांनी ताल न सोडता, खालच्या आवाजात विचारलं, "हे कुठलं वाद्य?"

मामा माझ्याकडे वळले. "काय आहे रे ते?"

"तळ्याजवळचा रस्ता," मी म्हणालो.

मठाच्या आचाऱ्याची सायकल मागून घेतली. दिवा नव्हता, पायात काही नव्हतं, पेडलं टोचत होती. वाटेत तीन सबबी तयार केल्या. पहिली, फ्यूजला तडा दिसला म्हणून दाखवायला घेऊन गेलो. पण तो मठाच्या फरशीवर पडूनही धडधाकट होता, तेव्हा ती बाद. दुसरी, अचानक पोटात कळ आली. तिसरी, तारेचा धक्का बसून थोडा वेळ स्मृती गेली. ही मला फार आवडली. साक्कोट्टैपासून गावापर्यंत मी तिला चांगली घासूनपुसून घेतली, आपण कोण हे हळूहळू आठवत गेलं वगैरे.

रस्त्यावर वळलो तर दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर लोक कंदील घेऊन बसलेले. वकिलांकडे पेट्रोमॅक्स फुरफुरत होता. शेवटच्या खांबाशी पोहोचलो आणि मेस्त्री भिंतीला वळसा घालून येताना दिसले. छातीपर्यंत ओले. मिशीत पाणवेलीचं पान अडकलेलं. हातात बांबू.

ते मला बघून थांबले. बांबू भिंतीला टेकवला. मग नेहमीच्या आवाजात नाही, जरा बारीक आवाजात विचारलं, "उतरला का?"

माझी तिसरी सबब जिभेवर होती. पण तो प्रश्न असा होता की त्याला एकच उत्तर लागू पडत होतं.

"उतरलो," मी म्हणालो.

मेस्त्री तिथल्याच एका पायरीवर बसले. धोतराचं पाणी पिळत राहिले. लाइनमन आमच्या घरून परत आला होता, तो मला बघून नुसता हात लावून गेला, खरा आहे की नाही ते बघायला. थोड्या वेळाने मेस्त्री माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "चपला घाला आधी."

मग आम्ही तिघं पेटीपाशी गेलो. मेस्त्रींनी 'उतरलो' म्हटलं, लाइनमनने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा म्हटलं. ज्याने त्याने आपापला फ्यूज बसवला. रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजळला. कुठला तरी रेडिओ मधूनच बोलायला लागला. मला कोणी रागावलंही नाही. ते फार वाईट होतं.

सकाळी हॉटेलात बसलो. लाइनमन म्हणाला, "शिडी सोडून भजीला गेलो. माझा वाटा." मेस्त्री म्हणाले, "न चढणाऱ्याला चढू दिलं. साहेब खांबावर चढतोय हे गावाने बघावं असं वाटलं. माझा वाटा." मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मामांनी हाक..." मेस्त्रींचा हात माझ्या पेल्याकडे निघाला. मी घाईने म्हणालो, "खिशात फ्यूज ठेवून गेलो. न सांगता गेलो. माझा वाटा." पेला जागेवर राहिला. त्या दिवशीच्या कॉफीची चव मात्र काही केल्या आठवत नाही.

तिथून साहेबांच्या खोलीत. साहेब पालघाटकडचे, टापटिपीचे, माणूस म्हणून वाईट नव्हते. रात्री झोप झाली नसावी. त्यांनी मेस्त्रींना विचारलं, "एक नाव सांगा. चूक कोणाची?"

"एक नाव नाही सार. तीन वाटे आहेत."

आणि त्यांनी स्वतःचा वाटा सांगितला, हॉटेलात सांगितला त्याच शब्दांत. लाइनमनने त्याचा सांगितला. मग माझी पाळी. आदल्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी एक भाषण रचलं होतं. मेस्त्रींची गँग जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, यात खोट नाही. पण रचता रचता त्या भाषणात मेस्त्री कमी आणि मी जास्त होत गेलो. जबाबदारी, पश्चात्ताप, तरुण रक्त, सगळं होतं. मी उभा राहिलो आणि सुरू केलं. लाइनमन खिडकीबाहेर बघायला लागला. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. मी राजीनाम्यापर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुरे. फ्यूज घेऊन गेला एवढंच ना?"

"हो सार."

"मग एवढंच सांगा."

मी बसलो. बसायला सांगितलं नव्हतं, म्हणून पुन्हा उभा राहिलो.

साहेब बराच वेळ टेबलावरचा जादाचा फ्यूज बोटाने फिरवत होते. मग मेस्त्रींना म्हणाले, "काल किल्ली पुढे केलीत. मी घेतली नाही. त्यात माझाही वाटा आहे, असं म्हणाल तुम्ही."

"दुसऱ्याचा वाटा आम्ही बोलत नाही सार."

साहेब पहिल्यांदा जरासे हसले. "गँग तुमच्याकडेच राहू दे. पण एक सांगा. उद्या पुन्हा असं झालं, मी समोर उभा, हातात फ्यूज, वकील ओरडतोय. तरी थांबणार?"

"थांबणार सार."

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. "यांच्यासाठीसुद्धा?"

मेस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं, चपलांपर्यंत.

"वर कोण आहे ते आम्ही बघत नाही सार," ते म्हणाले. "बघितलं असतं, तर दिवेलागणीलाच दिवे लावून घरी गेलो असतो."